निवडून आलेल्यांशी बोलणाऱ्या शिरोडकर बाई

आमच्या पंख्यांच्या कारखान्यातली जुनी मंडळी आता भेटतात ती एकमेकांच्या मुलांच्या लग्नात. आहेर देऊन झाला की आम्ही चार-पाच जण आइस्क्रीमच्या काउंटरजवळ कोंडाळं करतो आणि कुणीतरी म्हणतंच, “अरे, बाईंचा तो सांग ना!” झालं! एक किस्सा काढावा तर त्याच्या मागे दुसरा उभाच असतो. माझी बायको म्हणते, “मला सगळे पाठ आहेत. तुम्ही चुकलात तर मी पुढचं सांगेन.” पण किस्से साठतात ते काही उगाच नाही. ज्या माणसाचं मनापासून कौतुक वाटतं त्याचेच साठतात. बाकीच्यांच्या नुसत्या कागाळ्या लक्षात राहतात.

बाई म्हणजे शिरोडकर बाई. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अंधेरीच्या एमआयडीसीत आमचा कारखाना, आणि बाई तिथे लेबर ऑफिसर. लेबर ऑफिसर म्हणजे कंपनी आणि कामगार यांच्या मधे उभं राहून दोन्हीकडून बोलणी खाणारा माणूस. त्या काळी या कामावर एखादी बाई असणं म्हणजे नवलच! मी शेजारच्या टाइम ऑफिसात हजेरी लिहिणारा क्लार्क. आमच्या मधे छातीइतक्या उंचीचं लाकडी पार्टिशन. त्यामुळे मी सांगतोय ते ऐकीव नाही, पार्टिशनवरून पाहिलेलं आहे.

* * *

तेव्हा कारखान्यात दोन युनियन होत्या. एक जुनी. तिचा पुढारी साहेबांच्या गाडीचं दार उघडायला धावायचा. दुसरी नवी, परबची. परब मोटरला तार गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यातला, राहायला दिंडोशीला, मूळचा कणकवलीकडचा. आवाज असा, की गेटवर बोलला तर मागच्या गोडाउनमधला माणूस वळून बघायचा. घेराव घालणं, काचा फोडणं, साहेबांचे पुतळे जाळणं यात त्याच्या पोरांचा हात कुणी धरला नसता.

एकदा जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांनी बाईंनाच घेराव घातला. तीस-चाळीस जण केबिनमध्ये घुसले. मी पार्टिशनमागे खाली वाकून बसलो, खोटं कशाला बोलू?

बाईंनी त्याच दिवशी सुट्टीत गेटबाहेरच्या भाजीवालीकडून मेथी घेतली होती. घोषणा सुरू झाल्या तशी त्यांनी पिशवी टेबलावर पालथी केली आणि मेथी निवडायला घेतली. घोषणा वाढल्या. बाईंनी मान वर केली आणि समोरच्याच्या हातात एक जुडी दिली.

“हात रिकामे आहेत ना? निवडा.”

तो बिचारा घेऊन बसला! मग शेजारच्याला दुसरी जुडी गेली. आईच्या वयाची बाई भाजी पुढे करते तेव्हा नाही कसं म्हणणार? बाई म्हणाल्या, “खाली कागद पसरा. टेबलाला डाग पडतात.” दुसरा कागद कुठे होता? त्यांनी स्वतःच्याच मागण्यांची पत्रकं पसरली. अर्ध्या तासाने चित्र असं, की तोंडाने ‘मॅनेजमेंट मुर्दाबाद’ आणि बोटांनी मेथी! परब तेवढा घोषणा देत होता. बाई त्याला म्हणाल्या, “परब, तुम्ही ओरडा, पण जरा तिकडे तोंड करून. पानं उडतायत.”

संध्याकाळी घेराव उठला. जाता जाता बाई दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “उद्या परत असेल तर आधी सांगा. मटार घेऊन येते.”

* * *

फोर्टच्या हेड ऑफिसला ही गंमत मुळीच कळली नाही. तिथल्या मोठ्या साहेबांनी परबच्या युनियनला निरोप धाडला, “दांडगाई कसली करता? लोकशाही मार्गाने या. कामगारांमधून निवडून या, मग बोलू.” त्यांना वाटलं, जुनी युनियन आरामात निवडून येईल.

गुप्त मतदान झालं. परबची युनियन अशी निवडून आली, की जुन्या पुढाऱ्याला स्वतःच्या खात्यातली मतंही पडली नाहीत!

झालं, हेड ऑफिसच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्याच दिवशी हुकूम आला. या लोकांशी कुणीही बोलायचं नाही. बोलणी हवी असतील तर आधी त्यांनी तीन गोष्टी लिहून द्याव्यात: घेराव आणि मोडतोड कायमची सोडली, कंपनीचा अधिकार मान्य केला, आणि जुन्या युनियनने केलेले सगळे करार मान्य केले. परब म्हणाला, “म्हणजे आम्ही निवडून आलो नाही, असंच लिहून द्या म्हणतात!”

बाईंनी हुकूम वाचला, घडी घातली आणि मला पार्टिशनवरून म्हणाल्या, “काय रे नाईक, निवडून आलेल्यांशी बोलायचं नाही, तर बोलायचं कुणाशी? हरलेल्यांशी?”

त्यात विजयाच्या मिरवणुकीतून कुणीतरी दगड भिरकावला, तो बाईंच्याच खिडकीची काच फोडून आत आला. आमचे वर्क्स मॅनेजर आपटे साहेब घाबरट पण सज्जन माणूस. ते म्हणाले, “पोलिसांत देऊ.” बाईंनी तो दगड धुतला, पुसला आणि कागदांवर ठेवून दिला. पुढे कधीतरी परब त्यांच्या समोर बसला असताना त्याची नजर सारखी तिकडे जाऊ लागली.

बाई म्हणाल्या, “तुमच्याकडचाच आहे. न्यायचा असेल तर न्या.”

परबने जरा विचार केला. “ऱ्हांव दे बाई,” तो म्हणाला. “कागद उडतत तुमचे.”

* * *

आता प्रश्न असा, की बोलायला बंदी असताना परब बाईंच्या समोर बसला कसा? ती बाईंची खरी करामत.

कायद्याने कारखान्यात कॅन्टीन कमिटी लागते आणि तिच्यात कामगारांनी निवडून दिलेली माणसं लागतात. हा कायदा हेड ऑफिसलाही मोडता येत नव्हता. बाईंनी दर बुधवारी कॅन्टीन कमिटीची मीटिंग लावली. एका बाजूला बाई आणि आपटे साहेब, दुसऱ्या बाजूला परब आणि त्याचे लोक, मधे वरणाचं पातेलं.

“मीठ कसं झालंय?” बाई विचारायच्या.

“बरं आहे.”

“वरण मंजूर. आता बोनसचं काय म्हणणं आहे ते सांगा.”

हेड ऑफिसमधून फोन आला. “मिसेस शिरोडकर, तुम्ही त्या लोकांशी बोलणी करता असं ऐकतो.”

“छे हो साहेब! मी त्यांच्याबरोबर वरण चाखते.”

मला मात्र धाकधूक व्हायची. बाईंचे यजमान कामाला होते ती गिरणी बंद पडलेली, ते मुलुंडला घरीच बसून. मुलगी कॉलेजात. सगळं घर बाईंच्या पगारावर. एकदा न राहवून मी म्हटलं, “बाई, कळलं ना हेड ऑफिसला, तर नोकरी जाईल हो.”

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “आमच्याकडे गिरणीत शेवटी शेवटी कुणीच कुणाशी बोलत नव्हतं रे. त्याचं काय झालं ते मी रोज घरी बघते. इथे तसं होऊ द्यायचं नाही मला.”

त्या दिवसापासून बाईंबद्दल माझं मत कायमचं झालं. आजही तेच आहे.

* * *

वरणावर सगळंच भागत नाही. पगाराच्या करारासाठी आपटे साहेब आणि परब यांनी समोरासमोर बसणं जरूर होतं. कॅन्टीनमध्ये चारशे कान! आणि परबने तर तो हुकूम आला त्याच दिवशी गेटवर, सगळ्यांसमोर, आईची शपथ घेतली होती: जोवर कंपनी आपल्या युनियनला मानत नाही, तोवर साहेबांच्या केबिनचा उंबरा ओलांडणार नाही. कोकणातला माणूस आणि आईची शपथ. बोलायची सोयच नाही. इकडे आपटे साहेबांना युनियनच्या खोलीत पाय ठेवायची बंदी.

बाई म्हणाल्या, “दवाखान्यात बसू. आजारी माणसाला युनियन नसते.”

कारखान्याच्या दवाखान्यात डिमेलो सिस्टरचं राज्य. पांढरा फ्रॉक, कडक शिस्त. तिचा नियम एकच: आत आलेला माणूस तपासल्याशिवाय सोडायचा नाही. तिने दोघांनाही बाकावर बसवलं आणि ब्लडप्रेशर बघितलं. परबचं जास्त निघेल असं आम्हा सगळ्यांना वाटलेलं. निघालं आपटे साहेबांचं!

बाईंना ते इतकं पसंत पडलं, की त्यांनी तिथेच नियम करून टाकला. “ज्याचं जास्त, त्याने आधी नुसतं ऐकायचं.”

मग दर खेपेला तसंच. पट्टा बांधायचा, हवा भरायची, आणि सिस्टर निकाल द्यायची. परब ऐकण्याची पाळी टाळायला मीठ सोडून आला, चहा सोडून आला. एकदा तर चक्क घोषणा द्यायच्या सोडून आला! सिस्टर म्हणाली, “बाई, तुमच्या बोलण्याचं काय होतं मला ठाऊक नाय, पण माझे दोन पेशंट एकदम सुधारले.”

* * *

या बोलण्यांत पहिली मागणी कुठली निघाली असेल? इतके घेराव, इतक्या काचा, हेड ऑफिसची इतकी धास्ती! परबने घसा साफ केला आणि म्हणाला, “वाइंडिंग खात्यात पंखे द्या.”

पंख्यांचा कारखाना! हजारोंनी पंखे गेटबाहेर जात होते आणि ते बनवणारी माणसं पत्र्याच्या शेडखाली घामाने निथळत होती. कुणी कधी विचारलंच नव्हतं, आणि यांनी सांगितलं ते घोषणांमध्ये कुणाला ऐकू आलं नव्हतं.

आपटे साहेबांना खरंच लाज वाटली. “उद्याच लावतो,” ते म्हणाले. “गोडाउनमधून काढायला सांगतो.”

“नको साहेब,” परब म्हणाला. “दुसऱ्या कंपनीचे द्या.”

“का? आपले का नकोत?”

“आम्हीच बनवतो ना ते. आम्हाला माहितीयेत!”

बाई तोंडाला पदर लावून दवाखान्याबाहेर गेल्या. आपटे साहेबही असे हसले, की सिस्टरने त्यांना परत पट्टा बांधला. शेवटी दुसऱ्या कंपनीचेच पंखे आले, आणि त्यातला एक उघडून परबच्या लोकांनी आपल्या पंख्यातली खोडही सुधारली. ते मात्र कुणी कुणाला सांगितलं नाही.

* * *

निवडून आलेल्या माणसाचं एक असतं. काल तो मागणारा असतो, आज त्याच्याकडे मागायला लोक येतात. एका दुपारी परब धापा टाकत बाईंच्या केबिनमध्ये शिरला. अंगातला शर्ट खांद्यापाशी उसवलेला.

“बाई, माका घेराव घातलो हा!”

“कुणी?”

“आमच्याच लोकांनी! म्हणतत, निवडून देवन काय उपयोग, करार खय आसा? आता काय करूचा?”

आयुष्यभर दुसऱ्यांना घेराव घालणारा हा गडी, घेराव पडल्यावर काय करतात ते कुणाला विचारायला आला? बाईंना! मी पार्टिशनवर हनुवटी टेकवून बघत होतो.

बाईही वेंगुर्ल्याच्या. त्या त्याच्याच बोलीत म्हणाल्या, “आदी खाली बस. पानी पी.” मग नेहमीच्या मराठीत सांगितलं, “परत जा, आणि गेल्या गेल्या खाली बस. त्यांनाही बसव. उभ्या माणसाला घेराव पडतो, परब. बसलेल्या माणसाभोवती सभा भरते.”

परब गेला. शॉप फ्लोअरवर मांडी घालून बसला. लोक थोडा वेळ उभ्याने ओरडले, मग त्यांचेच पाय दुखायला लागले. शिफ्ट सुटेपर्यंत सगळे बसून चहा पीत होते आणि परब त्यांना कराराचं समजावून सांगत होता. आवाज न चढवता!

* * *

आता शेवटचा. लग्नात हा सांगायचा मान माझा असतो, कारण यात माझाही एवढासा हात आहे.

त्या पंख्यांनी घोटाळा केला. दुसऱ्या कंपनीच्या पंख्यांचं बिल हेड ऑफिसला गेलं आणि तिथे आग लागली. पंख्यांच्या कारखान्याने पंखे विकत घेतले? कुणाच्या सांगण्यावरून? कुणाशी बोलून? धागा धरत धरत दवाखाना निघाला, वरण निघालं, आणि शेवटी बाई निघाल्या.

मोठे साहेब स्वतः अंधेरीला आले. ते मराठीच, पण मराठी बोलायचे ते फक्त ड्रायव्हरशी. आपटे साहेबांच्या केबिनमध्ये बसले. टेबल रिकामं करायला लावलं आणि त्यावर एकच कागद ठेवला. बाईंना नोकरीवरून काढल्याची ऑर्डर. सही तेवढी बाकी होती.

केबिनचं दार काचेचं. आम्ही सगळे आपापल्या जागेवरून तिकडेच बघत होतो. बाई उभ्या होत्या. साहेबांनी विचारलं, “हुकूम मोडून त्या गुंडांशी बोललात?” बाईंनी सांगितलं, “बोलले. ते निवडून आलेत, आणि आपणच त्यांना निवडून या म्हणालो होतो.” बाकी काही नाही. मला वाटलं, आता तरी काहीतरी सारवासारव करतील. पण नाही!

तेवढ्यात शिफ्ट सुटली. बातमी खाली पोचलीच होती. जिन्यावर बुटांचा आवाज वाढत गेला आणि बघता बघता पॅसेज भरला. दोनशे तरी माणसं असतील. मोठे साहेब खुर्चीतून उठले. काचेतून आम्हाला त्यांचा आवाज स्पष्ट ऐकू आला. “बघा! हा घेराव! हेच तुमचे निवडून आलेले लोक!”

एक घोषणा झाली असती, एक काच फुटली असती, तर बाईंनी इतके दिवस केलेलं सगळं मातीत गेलं असतं. साहेब खरे ठरले असते आणि बाई खोट्या. बाईंचाही चेहरा तेव्हा पहिल्यांदा उतरलेला मी पाहिला. मुलुंडचं घर आलं असेल डोळ्यांसमोर.

परब गर्दीतून पुढे आला. माझ्या टेबलाशी थांबला आणि हळूच म्हणाला, “नाईक, बाईंची पिशवी खय आसा?”

मी पार्टिशनवरून हात घालून बाईंच्या खुर्चीवरची पिशवी काढून दिली. आत काय होतं ते मला माहीत होतं. सुट्टीत त्यांच्याबरोबर भाजीवालीकडे मीच गेलो होतो.

परबने मागे वळून बघितलं. “बसा रे सगळे,” तो म्हणाला. दोनशे माणसं पॅसेजमध्ये, जिन्यावर, जिथे होती तिथे खाली बसली.

मग परब केबिनच्या दारापाशी गेला. आईची शपथ घेतलेलं ते दार! कंपनीने युनियनला अजून मानलेलं नव्हतं. तो क्षणभर उंबऱ्यापाशी थांबला, आणि त्याने दारावर टकटक केली.

“आत येऊ का साहेब?”

परबने उंबरा ओलांडला. टेबलाजवळ गेला, पिशवी पालथी केली. मेथीच्या चार जुड्या.

“साहेब, बाईंना घरी जायला उशीर होतोय,” तो म्हणाला. “हात रिकामे आहेत ना? निवडा.”

आणि स्वतः खाली फरशीवर बसून एक जुडी सोडायला लागला. आपटे साहेबांनी, ज्यांना झुरळाचीही भीती वाटायची, दुसरी उचलली. मोठे साहेब एकदा परबकडे बघत होते, एकदा बाईंकडे, एकदा काचेबाहेर बसलेल्या त्या सगळ्यांकडे. मग ते हळूहळू खुर्चीत बसले. एक काडी हातात घेतली. उलटसुलट करून पाहिली.

“कोवळे देठ राहू देतात ना?” त्यांनी विचारलं. चक्क मराठीत.

“राहू द्या,” बाई म्हणाल्या. “पण खाली कागद पसरा साहेब. टेबलाला डाग पडतात.”

साहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. त्या टेबलावर कागद एकच होता.

साहेबांनी तो उचलला, उलटा केला आणि पसरला.